आधी अंदाज लिहा, मग पेशंटची वाट बघा: ओपीडीत शिकण्याची पद्धत

वॉर्डात पेशंट आपल्यासाठी थांबलेला असतो. सकाळी चुकलं तर संध्याकाळच्या राउंडला सुधारता येतं, रिपोर्ट आपसूक फाइलीला लागतात, आणि चार दिवसांनी निदान काय ते कळतंच. ओपीडीत यातलं काही होत नाही. पेशंट समोरच्या स्टुलावर बसतो, पाच-सात मिनिटांनी उठतो आणि औषधाच्या खिडकीकडे चालू लागतो. तुम्ही दिलेल्या गोळीनं त्याला बरं वाटलं, की तो दुसऱ्या दवाखान्यात गेला, की गोळ्या न घेताच घरी बसला, हे तुम्हाला कधीच कळत नाही. उत्तर त्याच्याबरोबर घरी जातं.

म्हणून वर्षभर ओपीडीत बसून हाताला वेग आलेले, पण जूनमध्ये करत होते त्याच चुका मार्चमध्येही करणारे इंटर्न मी खूप पाहिले. त्यांची हुशारी कमी नव्हती. पुढे काय झालं हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी शोधलं नाही, एवढंच. ते कसं शोधायचं, आणि त्याच्या आधीच्या पायऱ्या कोणत्या, हे मी इथे लिहिते आहे. उदाहरणं इंदूरच्या मेडिसिन ओपीडीतली आहेत, कारण माझी उमेदीची वर्षं तिथेच गेली. ज्यांच्या घरी मराठी, पुस्तकात इंग्रजी, पेशंटसमोर हिंदी आणि पेशंटच्या तोंडी माळवी, निमाडी किंवा भिली आहे, अशा मुलामुलींसाठी हे मुख्यतः आहे. इंदूरच्या रामबागेत वाढलेले असोत नाहीतर नागपूर-पुण्याहून इथे सीट मिळून आलेले, अडचण सगळ्यांची एकच असते.

ओपीडीला दुय्यम समजू नका

आपल्याकडे रेसिडेंटची किंमत आयसीयूत कळते असा समज आहे. १९६१ मध्ये केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या आकड्यांवरून एक हिशेब मांडला. हजार प्रौढ माणसं घेतली, तर महिन्याभरात साधारण ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं, २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ जण रुग्णालयात भरती होतात आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो तो एक. आपण पाच-साडेपाच वर्षं त्या एकावर शिकतो आणि पुढे जन्मभर उरलेल्या अडीचशेंना तपासतो.

इंदूरला तर ओपीडीची कमी नाही. इथे वैद्यकीय शिक्षण १८७८ पासून आहे, महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून. ज्याला सगळं गाव ‘एमवाय’ म्हणतं त्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या दारात धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन इथपासून माणसं येतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे इंटर्नशिप बारा महिन्यांची आहे आणि त्यातले बारा आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे, म्हणजे बहुतेक वेळ ओपीडीचाच. एमडी-एमएस करणाऱ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात, तिथेही मुख्य काम ओपीडीच. हा वेळ सह्या गोळा करण्यात घालवायचा की नाही, हे आपल्या हातात आहे.

आदल्या रात्री: एकच गोष्ट ठरवा

उद्या काय शिकायचं ते झोपण्यापूर्वी ठरवा, आणि एकच ठरवा. ‘डायबेटिस’ हा विषय फार मोठा आहे. ‘उद्या शुगरच्या प्रत्येक पेशंटचे बूट-मोजे काढून पाय बघायचे’ हे जमण्यासारखं आहे. किंवा ‘उद्या प्रत्येकाचं बीपी नियमानं मोजायचं’. किंवा ‘प्रत्येकाला शेवटी विचारायचं, अजून काही सांगायचं राहिलंय का’. पंधरा मिनिटं त्यावर वाचा. सकाळी गर्दीत वाचन होत नाही, आणि घरी आल्यावर होईल असं वाटतं तेही होत नाही.

पहिलं मिनिट पेशंटचं

पेशंट दारातून स्टुलापर्यंत येतो ती आठ पावलं बघा. पर्चा, म्हणजे ओपीडीचा कागद, वाचत बसू नका. पार्किन्सनमध्ये चालताना पुढे-मागे न झुलणारा हात, दम लागल्यामुळे मध्येच भिंतीला टेकणं, बायकोनं दंडाला धरून आणलेला नवरा, हे सगळं तिथेच दिसतं. एकदा बसल्यावर ते झाकलं जातं.

मग विचारा, ‘बताइए, क्या तकलीफ है?’ आणि गप्प बसा. हे फार अवघड आहे. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून पाहिलं, तेव्हा पेशंट बोलायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते. आपल्या ओपीडीत बाहेर रांग ओरडत असते, त्यामुळे मोह आणखी जास्त. तरी पहिल्या दहा पेशंटांना तरी एक मिनिट द्या. बहुतेक जण मिनिटाच्या आत आपणहून थांबतात.

हा वेळ फुकट जात नाही. हॅम्पटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ब्रिटनमधल्या एका मेडिसिन ओपीडीतल्या ८० नव्या पेशंटांचा हिशेब ठेवला होता. शेवटचं जे निदान ठरलं, ते ६६ जणांत नुसत्या हकिगतीवरून आधीच बरोबर निघालेलं होतं. अंगावरच्या तपासणीनं निदान बदललं ते ७ जणांत, लॅबच्या चाचण्यांनी ७ जणांत. आज चाचण्या वाढल्या आहेत, पण तुमच्यापाशी सोनोग्राफीची तारीख तीन आठवड्यांनंतरची असेल तर हातात उरते ती हकिगतच.

पेशंटची हिंदी निराळी असते

मध्य प्रदेशात २०२२ मध्ये एमबीबीएसची पुस्तकं हिंदीत आली. चांगलं झालं. पण धार जिल्ह्यातल्या मनावरकडच्या गावाहून आलेली अम्मा जी हिंदी बोलते ती त्या पुस्तकांत नाही, आणि आपल्या मराठी घरातल्या हिंदीत तर नाहीच. पहिल्याच आठवड्यात एक वही करा आणि पेशंटचा शब्द जसाच्या तसा लिहा. पुढे त्याचा अर्थ विचारून विचारून भरत जा.

माझ्या वहीतले थोडे. ‘गैस’ म्हणजे पोट फुगणं, ढेकर, छातीत जळजळ, छातीत दाब, डोकं जड होणं आणि कधी कधी नुसती काळजी. चाळिशी ओलांडलेला माणूस ‘गैस चढ़ रही है’ म्हणत असेल आणि घाम येत असेल, तर आधी ईसीजी. ‘कलेजे में दर्द’ ऐकून यकृताकडे धावू नका, पेशंटचा हात कुठे जातो ते बघा. तो बहुधा छातीच्या खालच्या टोकाशी जातो. ‘जी घबराता है’ यात मळमळही येते, धडधडही आणि भीतीही. ‘चक्कर’ म्हटल्यावर विचारायचं की घर गरगर फिरतं, की उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो. तिन्हींची कारणं वेगळी. ‘कमजोरी’ म्हणणाऱ्या तरुण मुलाला एकटं बसवून विचारावं लागतं, कारण त्यामागे बरेचदा ‘धात जाती है’, म्हणजे वीर्य जातं, ही चिंता असते आणि वडिलांसमोर तो ते बोलणार नाही.

एक शब्द मी विसरत नाही. एका बाईनं सांगितलं, ‘दिन चढ़ गए हैं.’ माझ्या शेजारचा इंटर्न चांगला मराठी घरातला, शांतपणे ‘सकाळी उशिरा उठतात’ असं काहीतरी लिहीत होता. आपल्याकडे ‘दिवस गेलेत’ म्हणतात, त्यांच्याकडे दिवस चढतात. गोष्ट तीच, मासिक पाळी चुकली आहे. त्या पर्च्यावर एक्स-रे लिहिलेला होता. तो थांबवला आणि आधी लघवीची गर्भतपासणी करून घेतली.

भिली बोलणारा पेशंट असेल तर बरोबर कोण आहे ते बघा, आणि दुभाष्याला सांगा की तुझं मत नको, तो काय म्हणतो तेवढंच सांग. मुलगा आईबद्दल बोलत असेल तर प्रश्न आईकडे बघूनच विचारायचा. भाषा कळत नसली तरी ती तुमच्याकडे बघून उत्तर देते, आणि दुखतं कुठे ते हातानं दाखवते.

काम आणि पाणी

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण माझ्या शिकण्यातला सगळ्यात महाग धडा इथला आहे.

मी रेसिडेंट होते. अलीराजपूरकडचा एक माणूस आला, तिशीच्या आतला, हाडं वर आलेली, बोलताना दम लागत होता. खोकला दोन वर्षांचा. टीबीचे दोन कोर्स झालेले, दोन वेगवेगळ्या ठिकाणी, आणि दोन्ही वेळा बेडक्यात जंतू सापडले नव्हते. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक बारीक गाठी. मी पर्च्यावर लिहिलं: वय २८, किसान, टीबी पुन्हा उलटलेला. बरोबर आलेला त्याचा मेहुणा भिंतीला टेकून खोकत होता. ते मी ऐकलं, पण लिहिलं नाही.

सिनिअर मॅडमनी पर्चा बघितला आणि त्याला विचारलं, ‘काम क्या करते हो?’

‘खेती.’

‘उसके पहले? घर छोड़के कहाँ कहाँ गए थे काम पर?’

‘गोधरा.’

‘क्या काम था?’

त्यानं दोन्ही हात पुढे करून काहीतरी पोत्यात भरल्यासारखं केलं. ‘पत्थर का आटा.’

‘कितने दिन?’

‘आठ महीना.’

‘गाँव से कितने गए थे?’

त्यानं बोटं मोजली. ‘ग्यारह.’ आणि मॅडमनी पुढचं विचारायच्या आत म्हणाला, ‘छह हैं.’

झाबुआ-अलीराजपूरची माणसं गुजरातेत गोध्र्याकडच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मजुरीला जात. ते पीठ श्वासातून फुप्फुसात जातं आणि सिलिकोसिस होतो. धूळ फार असेल तर काही महिन्यांचं कामही पुरतं. हे काही गुपित नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१६ मध्ये न्यायालयानं २३८ मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायचा आदेश दिला. मला मात्र तो रोग परीक्षेपुरता माहीत होता. समोर बसलेला माणूस मी ‘किसान’ या एका शब्दात संपवला होता.

तेव्हापासून माझा नियम झाला. ‘काय काम करता’ एवढं विचारून थांबायचं नाही. माळव्या-निमाडात त्याचं उत्तर ‘खेती’ असंच येणार, कारण पावसाळ्यात तो खरोखर शेतीच करतो. विचारायचं ते असं: गेल्या दहा वर्षांत घर सोडून कुठे कुठे कामाला गेलात, काय काम होतं, किती महिने, बरोबरच्यांपैकी अजून कुणाला हा त्रास आहे. जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, गावाच्या नावासह पर्च्यावर लिहायचं. भरपाईचा दिवस उजाडलाच, तर ती एक ओळ त्या घराला उपयोगी पडते. आणि सिलिकोसिस आहे म्हणून टीबी नाही असं धरून चालू नका. त्या फुप्फुसांना टीबी जास्त होतो, तेव्हा बेडका पाठवायचाच.

कामाइतकंच पाणी. झाबुआ आणि धारच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात चालवून घेण्याची वरची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम. कंबर-पाठ-मान दुखते म्हणून येणाऱ्या माणसाच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसले तर त्याला तीन गोष्टी करायला सांगा: गुडघे न वाकवता पायाची बोटं पकड, हनुवटी छातीला लाव, दोन्ही हात डोक्यामागे ने. तिन्ही जमत नसतील तर पाणी कुठलं पितोस हा प्रश्न संधिवाताच्या रक्ततपासणीच्या आधी यायला हवा. तसंच भिल-भिलाला तरुणांत वारंवार सांधे-हाडं दुखणं आणि डोळे पिवळसर असतील तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आठवा. २०२३ च्या १ जुलैला राष्ट्रीय सिकलसेल मोहीम मध्य प्रदेशातच, शहडोलला सुरू झाली.

तपासणी: थोडी पण खरी

डोक्यापासून पायापर्यंत तपासायला ओपीडीत वेळ नसतो, म्हणून काहीजण स्टेथो शर्टावरूनच टेकवतात. त्यापेक्षा एकच गोष्ट तपासा, पण नीट.

बीपीचंच बघा. पेशंट जिने चढून आलेला, बाही दंडावर गुंडाळून घट्ट झालेली, हात हवेत, आणि आपण त्याच्याशी बोलतोय. असा आकडा घेऊन जन्मभराची गोळी सुरू होते. पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नकोत, दंड छातीच्या पातळीवर आणि उघडा, गप्पा बंद. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली का ते विचारा. जाड दंडाला लहान कफ लावला तर आकडा खोटा वाढतो. मिनिटभरानं पुन्हा मोजा. रांगेत उभ्या असलेल्या पुढच्या दोघांना आधीच आत बसवून ठेवलं की पाच मिनिटं जागेवरच निघतात.

पाय बघायचे तर दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे स्पर्श कळतो का ते बघायचा नायलॉनचा धागा, खिशात ठेवा. तो नसेल तर निदान बोटांच्या बेचक्या उघडून बघा. जखमा तिथे दडतात.

काही वेळा अंदाज बांधत बसायचं नसतं. छातीत दाब आणि घाम, एक वाक्य पूर्ण बोलता न येणारा दम, एका बाजूचा हात-पाय लुळा, गरोदर बाईचं डोकं दुखणं आणि वाढलेलं बीपी, पाणी न पिणारं सुस्त मूल, यातलं काही दिसलं की उठा आणि सिनिअरला बोलवा किंवा स्वतः व्हीलचेअर ढकलत कॅज्युअल्टीत न्या. चिठ्ठी देऊन पाठवू नका. तो रस्ता चुकतो.

सिनिअरकडे ‘काय करू’ म्हणत जाऊ नका

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. इंटर्न येतो आणि म्हणतो:

‘मॅडम, बावन्न वर्षांच्या काकू आहेत, शुगरच्या. तीन महिने पायाला मुंग्या येतात. काय करू?’

मी सांगते, तो लिहितो, काकू जातात. माझं उत्तर त्याच्या पेनातून कागदावर गेलं, डोक्यातून गेलं नाही. पुढच्या आठवड्यात तशाच दुसऱ्या काकू आल्या की तो पुन्हा येतो.

आता तीच केस एका मुलीनं कशी आणली ते बघा.

‘मॅडम, नारायणबागेतल्या काकू, बावन्न वर्षं, आठ वर्षं शुगर, मेटफॉर्मिनवर. तीन महिने दोन्ही तळपायांना मुंग्या. मला दोन शक्यता वाटतात, शुगरमुळे नसांवर झालेला परिणाम किंवा बी-बारा जीवनसत्त्व कमी असणं. ट्यूनिंग फोर्कचं कंपन अंगठ्याशी कमी जाणवतंय, पण ते दोन्हींत होतं. एचबीएवनसी, तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा, दोन वर्षं सातच्या आत आहे. काकू अंडंसुद्धा खात नाहीत आणि मेटफॉर्मिन इतकी वर्षं चालू आहे, म्हणून मी बी-बारा वर धरते. हिमोग्लोबिनबरोबर बी-बारा पाठवायचं म्हणते. आधी इंजेक्शन सुरू केलं तर तपासणीचा आकडा बिघडेल का, हे मला नक्की माहीत नाही.’

‘बिघडेल. आधी रक्त घे, मग इंजेक्शन दे. आणि जीभ बघितलीस का?’

‘नाही. बघून येते.’

दीड मिनिटात झालं. या पद्धतीला २००३ मध्ये अमेरिकेत ‘स्नॅप्स’ (SNAPPS) हे नाव आणि बांधणी मिळाली, सहा पायऱ्यांची: हकिगत थोडक्यात सांगा, शक्यता दोन-तीनवर आणा, त्यांची तुलना करा, जे कळत नाही ते शिकवणाऱ्याला विचारा, उपचार तुम्हीच सुचवा, आणि घरी वाचायला एक मुद्दा उचला. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल. दोन गोष्टी मात्र सोडू नका. सिनिअर तोंड उघडण्याच्या आत स्वतःचा अंदाज बोलून टाका, आणि काय कळत नाही ते नेमकं सांगा. अंदाज चुकण्याची लाज वाटते, ते मला ठाऊक आहे. पण न बोललेला अंदाज चुकला की बरोबर आला हे तपासता येत नाही, आणि सिनिअरचं उत्तर ऐकल्यावर प्रत्येकालाच वाटतं की मलाही हेच म्हणायचं होतं.

जे शिकवतात त्यांच्यासाठी एवढंच. १९९२ पासून ‘मिनिटभराचा शिक्षक’ नावाची एक साधी रीत आहे: तुला काय वाटतं ते आधी विचारा, कशावरून ते विचारा, एकच सर्वसाधारण नियम सांगा, काय बरोबर केलं ते नेमकं सांगा, काय चुकलं तेही सांगा. पेशंटसमोर झापू नका. पेशंटचा विश्वास उडतो आणि मूल पुढच्या वेळी अंदाज मनातच ठेवतं.

पर्चा उलटा वाचून घ्या

औषध लिहून झालं की पेशंटला विचारा, ‘अब आप मुझे बताओ, घर जाके कौन सी गोली कब लोगे?’ परीक्षा घेतल्यासारखं नको. ‘मैंने ठीक से समझाया कि नहीं, देखना है’ असं म्हणावं. पहिल्या दिवशी हे केलंत तर धक्का बसेल. एका आजोबांनी मला चारही गोळ्या एकदम सकाळी घेणार असं सांगितलं होतं, ‘एक बार में झंझट ख़तम.’ त्यात झोपेची गोळी होती.

औषधाच्या खिडकीवर पट्टी कापून दिली की नाव जातं, राहतो फक्त रंग. म्हणून पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्या. वाचता न येणाऱ्यांना ते कळतं आणि वाचता येणाऱ्यांनाही सोयीचं पडतं. इन्सुलिन लिहिताना घरी फ्रिज आहे का ते विचारा. नसेल तर शिशी प्लास्टिकच्या डब्यात घालून ओल्या मडक्यात ठेवायची, हे दाखवून सांगा. इन्हेलर दिला असेल तर तुमच्यासमोर एकदा ओढायला लावा. नुसतं ऐकून तो कुणालाच जमत नाही.

हे शिकण्यात कुठे बसतं? सरळ बसतं. औषध लागू पडलं नाही तेव्हा निदान चुकलं की गोळी पोटात गेलीच नाही, हे ओळखायचं तर आधी गोळी कशी जाणार हे माहीत हवं.

तीन रकान्यांची वही

आता मूळ गोष्ट. कॉलेजची लॉगबुक वेगळी, ती भराच. ही वही स्वतःसाठी. रोज साठ पेशंट बघा, पण वहीत तीनच लिहा. पानावर तीन रकाने: मी काय बघितलं, माझा अंदाज काय आणि किती खात्रीनं, आणि पुढे काय निघालं. पहिले दोन रकाने पेशंट खोलीत असतानाच भरायचे. खात्री दहापैकी किती ते आकड्यात लिहा. तिसरा रकाना मोकळा सोडा.

पेशंटचं नाव लिहू नका. ओपीडीचा क्रमांक आणि तारीख पुरते. फोनमध्ये पर्च्याचे फोटो काढून गटात टाकणं तर मुळीच नको, कितीही ‘शिकण्यासाठी’ असलं तरी.

तिसरा रकाना भरायला मेहनत लागते. बुधवारी दुपारी ओपीडी संपल्यावर अर्धा तास ठेवा. लॅबच्या रजिस्टरमध्ये आपले क्रमांक शोधा. एक्स-रे विभागात जाऊन फिल्म स्वतः बघा, रिपोर्टवर भागवू नका. भरती केलेल्यांना वॉर्डात जाऊन भेटा. ‘डॉक्टर, तुम्ही आलात?’ असं पेशंटनं म्हटलेलं ऐकायलाही बरं वाटतं. ज्यांची चिंता वाटते त्यांना जातानाच सांगा, ‘अगले बुधवार मेरे पास ही आना, इसी कमरे में,’ आणि पर्च्यावर युनिट आणि वार मोठ्या अक्षरात लिहा. दूरच्या पेशंटला विचारून, युनिटच्या परवानगीनं, फोन करता येतो. झाबुआच्या माणसाला बसभाडं घालून नुसतं ‘बरं वाटतंय’ सांगायला बोलावू नये.

महिन्यानंतर पानं उलटून बघा. दहापैकी नऊ खात्री लिहिलेले किती अंदाज चुकले ते मोजा. कुठल्या प्रकारचे चुकले ते बघा. माझ्या एका रेसिडेंटच्या लक्षात असं आलं की त्याचे शुगर-बीपीचे अंदाज चांगले होते आणि बायकांच्या दम लागण्याच्या तक्रारीत तो वारंवार ‘टेन्शन’ लिहीत होता. अशा पाच जणींपैकी तिघींचं हिमोग्लोबिन सातच्या खाली निघालं होतं. कुणी रागावलं नाही, वहीनंच सांगितलं. पुढच्या महिन्याची त्याची ‘एकच गोष्ट’ आपोआप ठरली: दम लागतो म्हणणाऱ्या प्रत्येक बाईची खालची पापणी ओढून बघायची आणि पाळीत किती कपडे लागतात ते विचारायचं.

काही रकाने मोकळेच राहतील. पेशंट परत येत नाहीत, रिपोर्ट हरवतात, युनिट बदलतं. सहा आठवड्यांनी त्या मोकळ्या चौकटीत ‘कळलं नाही’ असं लिहा, तसाच सोडू नका. नाहीतर आपलं मन तिथे ‘बरा झाला असेल’ असं स्वतःच भरून टाकतं.

त्या अलीराजपूरच्या माणसाचा क्रमांक माझ्या जुन्या वहीत आहे. दुसऱ्या रकान्यात माझ्या अक्षरात ‘टीबी, ८/१०’ आणि तिसऱ्यात ‘सिलिकोसिस. बेडका निगेटिव्ह. मेहुण्यालाही बोलावलं, तोही गोध्र्याचा.’